कारण : घरगुती

रविवार, २ जून २०२४. ठाण्याचा पाच-सहा नंबरचा फलाट रुंद करायला मध्य रेल्वेनं त्रेसष्ट तासांचा ब्लॉक घेतला होता, म्हणून दादरला मावसभावाच्या एकसष्टीला जायचं राहिलं. बायको म्हणाली, बरं झालं, आता माळा आवरू. माळा आवरायचा टाळण्यासाठी मी लॅपटॉप उघडून बसलो आणि एका अमेरिकन विद्यापीठाच्या ऑनलाइन डॉक्टरेटची माहिती मागवणारा फॉर्म भरला. विषय : उच्च शिक्षणातलं नेतृत्व. पुढचे सहा महिने माळा तसाच राहिला.

मी वाशीजवळच्या एका अनुदानित महाविद्यालयात प्रबंधक आहे. दारावरच्या पाटीवर 'रजिस्ट्रार', मुलांच्या तोंडी 'ऑफिसवाले सर'. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो त्याला एकवीस वर्षं झाली. कॉलेजात माणसं दोन प्रकारची, टीचिंग आणि नॉन-टीचिंग. सरकारी भाषेत आमचं नाव 'शिक्षकेतर', म्हणजे जे शिक्षक नाहीत ते. आम्ही काय नाही एवढंच त्यातून कळतं. आम्ही काय आहोत ते कुठल्याच जीआरमध्ये सापडत नाही. डॉक्टरेट ही तर पूर्णपणे टीचिंगवाल्यांची गोष्ट. मी अर्ज करतोय ही बातमी स्टाफरूममध्ये पोचली तेव्हा एक प्राध्यापक मित्र म्हणाला, "तू डॉक्टर झालास तर फायली कोण शोधणार?" तो चेष्टाच करत होता. पण ती लागली हेही खरं.

मी आधी इथलीच वाट चाचपून पाहिली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या पीएच.डी. नियमांत नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मालकाची ना-हरकत लागते, कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. हे सगळं मला पाठ आहे, कारण ते परिपत्रक मीच सगळ्या विभागांना फिरवलं होतं. त्याच परिपत्रकात पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत, असंही आहे. माझं एम.कॉम. दूरशिक्षणातून, खुल्या प्रवर्गातून, ५३ टक्क्यांनी. दिवसा आवक-जावक आणि रात्री कॉस्टिंग असं केलेले ते ५३ मला अजूनही कमी वाटत नाहीत. नियमाला मात्र ते दोनानं कमी पडतात.

पीएच.डी. आणि एड.डी. यांतला फरक मला त्या जूनमध्येच नीट कळला. एड.डी. म्हणजे डॉक्टर ऑफ एज्युकेशन. हार्वर्डनं ती १९२० च्या सुमारास सुरू केली आणि पुढे स्वतःच ती बंद करून तिच्या जागी पीएच.डी. आणली. बाकीच्या विद्यापीठांत ती चालूच राहिली. पण पीएच.डी.ची पातळ आवृत्ती अशी तिची बदनामी झाली, म्हणून २००७ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकारानं बरीच विद्यापीठं एकत्र आली आणि ही पदवी नक्की कशासाठी, याचा विचार सुरू झाला. त्यातून आलेली कल्पना मला आवडली. पीएच.डी.वाला ज्ञानातली फट शोधतो. एड.डी.वाल्यानं स्वतःच्या कामाच्या जागी रोज दिसणारा, सुटत नसलेला एक प्रश्न घ्यायचा आणि त्यावरच प्रबंध लिहायचा. त्याला ते 'प्रॉब्लेम ऑफ प्रॅक्टिस' म्हणतात. वर्गात डीन असतात, वसतिगृहांचे प्रमुख असतात, प्रवेश विभागाचे लोक असतात, आणि रजिस्ट्रार असतात. तिथल्या रजिस्ट्रार लोकांची संघटना १९१० साली स्थापन झाली हे वाचलं तेव्हा मी ऐरोली आणि रबाळेच्या मध्ये कुठेतरी होतो, आणि गाडीत उगाचच ताठ बसलो.

आता मान्यतेचं. हा प्रश्न मला दहा जणांनी विचारला, तेव्हा इथेच सांगून टाकतो. भारतात ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं पीएच.डी. देता येत नाही. २८ ऑक्टोबर २०२२ ला यूजीसी आणि तंत्रशिक्षण पाहणारी एआयसीटीई यांनी मिळून जाहीर केलं की शिकवण्या चालवणाऱ्या ॲप-कंपन्या परदेशी संस्थांच्या नावानं ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात त्या मान्य नाहीत, जाहिरातींना भुलू नका. मी अर्ज केला तो थेट विद्यापीठाकडे, मध्ये कुणी नाही. तरी मी कुठल्याही भ्रमात नव्हतो. या पदवीवर मला इथे बढती, वेतनवाढ किंवा प्राध्यापकी मिळणार नाही. ज्याला प्राचार्य व्हायचंय किंवा कॅसमधून, म्हणजे प्राध्यापकांच्या बढती योजनेतून, वर जायचंय त्यानं हा रस्ता धरू नये, पैसे पाण्यात जातील. मी शिक्षकेतर. या पदवीनं मिळण्यासारखं पद माझ्यासाठी मुळातच नाही, त्यामुळे गमावण्यासारखंही काही नाही. एकवीस वर्षांत शिक्षकेतर असण्याचा झालेला हा पहिला फायदा.

माहितीचा फॉर्म भरल्यावर तिसऱ्या दिवशी एका वेगळ्याच माणसाचा फोन आला. "सर, दोन वर्षांत डॉक्टरेट, थिसिस नाही, पदवीदान दुबईत, फॅमिली अलाउड." मी विचारलं, विद्यापीठ कुठलं? म्हणाला, "सर, युरोपियन आहे." युरोपात कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. माझा नंबर त्याला कुठून मिळाला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन विद्यापीठं निवडली, दोन्ही सरकारी, दोन्ही बऱ्यापैकी स्वस्त. नावं सांगत नाही. मागण्या साधारण सारख्याच : सगळ्या गुणपत्रिकांचं अमेरिकन मोजमाप, इंग्रजीची परीक्षा, तीन शिफारसपत्रं, हेतुपत्र, लेखनाचा नमुना आणि मुलाखत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा नको, ही मोठीच कृपा.

मोजमाप करणाऱ्या संस्थेला विद्यापीठाकडून थेट आलेले ट्रान्सक्रिप्टच चालतात. आपण नेऊन दिलेले चालत नाहीत. म्हणजे पुन्हा विद्यापीठाची खिडकी. जुलैत एक सी.एल. टाकली, अर्जात कारण लिहिलं 'घरगुती', आणि पावसात जाऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीच्या पलीकडे बसून मी जन्म काढलाय; अलीकडे उभं राहायची सवयच नव्हती. "फॉर्म मागच्या काउंटरला मिळेल." "झेरॉक्स ॲटेस्ट करून आणा." "साहेब मीटिंगला आहेत." एकेक वाक्य ओळखीचं. काही तर माझीच होती, शब्दन्‌शब्द. त्या बाईंचा राग यायला हवा होता, पण त्यांनी 'उद्या या' म्हटलं तो सूर इतका बिनचूक होता की मला दाद द्यावीशी वाटली. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही. त्यांनी जे केलं ते मीही करत आलोय.

खरी अडचण पुढे निघाली. माझं नाव ज्ञानेश्वर. मराठीत ते एकच आहे. इंग्रजीत बी.कॉम.च्या गुणपत्रिकेवर ते 'डी'नं सुरू होतं, एम.कॉम.च्या गुणपत्रिकेवर 'जी'नं. पासपोर्ट 'डी'च्या बाजूचा. शिवाय गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. आणि त्यांच्या फॉर्ममध्ये पहिलं, मधलं, शेवटचं. पहिल्या रकान्यात मी आडनाव टाकलं, त्यामुळे पुढचे दोन महिने तिकडून येणाऱ्या प्रत्येक पत्रात मला माझ्या आडनावानं लाडात हाक मारली जात होती. मग कोर्टनाक्यावर टायपिंगवाल्याकडे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, की 'डी'वाला आणि 'जी'वाला इसम एकच असून तो मीच आहे. टायपिंगवाल्यानं न विचारताच सांगितलं, "ज्ञ-वाले लय येतात." माउलींच्या नावाचे लोक ठाण्यात कमी नाहीत, आणि प्रत्येकाचा साहेब वेगळा.

सप्टेंबरच्या अखेरीला मोजमाप आलं. तीन वर्षांच्या आपल्या बी.कॉम.ला ते चार वर्षांच्या त्यांच्या पदवीबरोबर धरतील की नाही ही धाकधूक होती, पण वर एम.कॉम. असल्यानं निभावलं. माझे ५३ टक्के तिकडे 'बी'च्या आसपास उतरले आणि 'बी' त्यांना चालतो. इथे दोन टक्क्यांनी बंद झालेलं दार तिथे त्याच गुणपत्रिकेवर उघडलं. याचा आनंद मानायचा की काय करायचं हे मी अजून ठरवलेलं नाही.

टोफेल, म्हणजे ती इंग्रजीची परीक्षा, तिच्याबद्दल थोडक्यात. हल्ली ती दोन तासांच्या आत संपते. घरूनही देता येते, पण खोलीत एकटं बसायचं, इअरफोन लावायचे नाहीत, टिपणं कागदावर नाहीत तर पुसता येणाऱ्या पाटीवर. आमच्या सोसायटीसमोर गणपतीचा मांडव, पाठोपाठ नवरात्र. गुपचूप परीक्षा केंद्रावर गेलो. बोलण्याच्या पहिल्या प्रश्नाला तेव्हा विचार करायला पंधरा सेकंद होते आणि उत्तराला पंचेचाळीस. 'तुम्हाला एकट्यानं काम करायला आवडतं की गटात?' पंचेचाळीस सेकंदांत मी 'कमिटी' हा शब्द सहा वेळा म्हटला.

शिफारसपत्रांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचे बहुतेक अर्ज इथेच अडतात. आपली पद्धत सरळ आहे : 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तिकडची पद्धत अशी, की शिफारस करणाऱ्याच्या संस्थेच्या ईमेलवर एक दुवा जातो, त्यानं स्वतः फॉर्म भरायचा, पत्र चढवायचं, आणि अर्जदारानं आधीच एक खूण करायची की हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडून देतो. १९७४ च्या त्यांच्या कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे; तो सोडला तर पत्र लिहिणारा मोकळेपणानं लिहील असा हिशेब. मी खूण केली.

आमचे प्राचार्य भला माणूस. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "हे काय रे, मी काय लिहितो ते तू बघणार नाहीस?" म्हटलं, नाही सर. "मग मी लिहू कशाला?" तो विनोद नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. शिफारस ही ज्याच्याबद्दल असते त्याला खूश करण्यासाठी असते, असंच आपण धरून चालतो. नंतर त्यांना फॉर्ममधला तक्ता लागला : हा उमेदवार तुम्ही पाहिलेल्या अशा पदावरच्या लोकांमध्ये वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत? सरांनी चष्मा काढला. "आपल्याकडे प्रबंधक एकच आहे. तू शंभर टक्क्यांत आहेस." शेवटी कुठे खूण केली ते मला माहीत नाही, आणि माहीत असायचंही नाही. दुसरं पत्र नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, काम बघणाऱ्या मॅडमनी दिलं. तिसरं आमच्या निवृत्त प्राचार्यांनी, पण त्यांच्याकडे संस्थेचं ईमेलच नव्हतं. फॉर्म साधं जीमेल घेईना. शेवटी विद्यापीठाला पत्र लिहून कळवलं की आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की त्याचा पत्ताही निवृत्त होतो. तिकडून दोन दिवसांत उत्तर आलं, चालेल. सर वय वर्षं चौऱ्याहत्तर, डोंबिवलीहून फोनवर मला विचारत विचारत त्यांनी तो फॉर्म भरला. "पुढे कुठलं बटण?" एवढंच विचारायचे. मजकुराचा एक शब्द सांगितला नाही.

लेखनाचा नमुना म्हणून द्यायला माझ्याकडे काय होतं? एकवीस वर्षं मी लिहितोच आहे, पण माझ्या नावावर एक ओळ नाही. नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालातला सहावा निकष 'गव्हर्नन्स, लीडरशिप अँड मॅनेजमेंट'. तो सगळा मी लिहिला होता, सही प्राचार्यांची. प्राचार्यांच्या परवानगीनं त्यातली बारा पानं जोडली आणि खाली एक टीप दिली की हे मी लिहिलं आहे. ती टीप लिहिताना चोरी करतोय असं का वाटलं कोण जाणे.

हेतुपत्र ऑक्टोबरभर चाललं. पहिला खर्डा मुलीला वाचायला दिला; ती बारावीत आहे. तिसऱ्या ओळीला ती हसायला लागली. बघतो तर मी शेवटी 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन, युअर्स फेथफुली' लिहिलं होतं आणि मध्ये दोनदा 'फॉर काइंड परूझल'. "बाबा, ही तर टिपणी आहे. खाली साहेबाची सही कुठे करायची?" इंग्रजीचा प्रश्न नव्हताच. माझ्या सगळ्या वाक्यांत कामं आपोआप होत होती : ठरवण्यात आलं, निदर्शनास आलं, अंमलबजावणी करण्यात आली. करणारा कुणी नाही. ऑफिसात हे कौशल्य मानलं जातं, आणि खरंच आहे ते; चौकशी लागली तर असं वाक्य माणसाला वाचवतं.

सहा खर्डे झाले. 'प्रॉब्लेम' कुठला हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं होतं. दरवर्षी मी आयशेचं प्रपत्र भरतो, उच्च शिक्षणाचं ते अखिल भारतीय सर्वेक्षण. कॉलेजांसाठी प्रपत्र क्रमांक दोन, २०२०-२१ पासून थेट वेबवर. त्यातून देशाचा आकडा तयार होतो : २०२१-२२ मध्ये एकूण नोंदणी ४.३३ कोटी, प्रवेशाचं ढोबळ प्रमाण २८.४ टक्के. २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचं असं नव्या शैक्षणिक धोरणात आहे. हा सगळा हिशेब आत आलेल्यांचा. पहिल्या सेमिस्टरला प्रवेश घेऊन दुसऱ्याला न दिसणारी मुलं माझ्या टेबलावरून जातात, प्रवेश रद्द करण्याच्या अर्जावर किंवा एल.सी.च्या अर्जावर. (नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे, तिला 'एक्झिट' म्हणतात. माझ्या टेबलावरची मुलं त्याच्याही आधी जातात, त्यांना कुठलंच नाव नाही.) ते अर्ज फाइलला लागतात, फाइल कपाटात जाते. मी पाच वर्षांच्या फायली काढून एक तक्ता केला : शाखा, महिना, मुलगा की मुलगी, स्टेशन, कारण. कारणाच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच शब्द आला, 'घरगुती'. मी हेतुपत्रात आत्मविश्वासानं लिहून टाकलं की नवी मुंबईत पहिल्या वर्षी कॉलेज सोडण्यामागचं मुख्य कारण घरगुती परिस्थिती हे आहे, आणि कुटुंबांपर्यंत पोचणारी योजना मला करायची आहे. तीन पानी तक्ता जोडला. दोन्ही अर्ज धनत्रयोदशीच्या आधी गेले. एका विद्यापीठाचा मुलाखतीचा निरोप चारच दिवसांत आला : सोमवार, ४ नोव्हेंबर, सकाळी दहा, त्यांची पूर्व किनाऱ्याची वेळ.

माझा हिशेब पक्का होता, साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. आदल्या दिवशी भाऊबीज. बहीण कळव्याहून आली, ओवाळून म्हणाली, मुलाखतीत चकली खाऊ नकोस, आवाज येतो. सोमवारी साडेसातला मी इस्त्रीचा शर्ट, खाली घरची पँट, मागे कपाटाचं दार नीट लावून बसलो. पडद्यावर 'यजमान अजून आलेले नाहीत'. पावणेआठ. आठ. बायको दारातून खुणेनं विचारत होती, काय झालं? मी ईमेल परत परत उघडत होतो. सव्वाआठला मुलीनं शोधून सांगितलं, की नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. म्हणजे आम्ही भाऊबीज करत होतो त्याच दिवशी. मुलाखत साडेआठला होती. उलटं झालं असतं तर मी एक तास उशिरा पोचलो असतो, आणि ही कहाणी इथेच संपली असती.

दोन प्राध्यापिका होत्या. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. दोघी थकलेल्या दिसत होत्या आणि त्याबद्दल हसून माफी मागत होत्या. पहिली दहा मिनिटं बरी गेली. नॅक म्हणजे काय, अनुदानित म्हणजे काय, विद्यापीठ परीक्षा घेतं आणि कॉलेज शिकवतं हे कसं, असे प्रश्न. मग दुसऱ्या बाईंनी माझा तक्ता उघडला. शिकवायला लागण्यापूर्वी त्या स्वतः बारा वर्षं रजिस्ट्रारच्या ऑफिसात होत्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी सावध राहिलो असतो.

"यादीतून निवडायचं असतं का कारण?"

म्हटलं, नाही, कोरी जागा असते. विद्यार्थी स्वतःच्या हातानं लिहितो.

"पाच वर्षं, एवढी मुलं, आणि सगळ्यांनी तोच एक शब्द लिहिला?"

मी सांगायला सुरुवात केली. गरिबी, वडिलांचं आजारपण, मुलींची लग्नं, गावाकडे परतणं. बोलताना माझ्याच डोळ्यांसमोर काउंटर यायला लागला. मुलगा अर्ज घेऊन उभा आहे, पेन उघडं. "सर, इथे काय लिहू?" आणि आतून, मान वर न करता : "घरगुती लिही." आमचा लिपिक म्हणतो. त्याच्या आधीचा म्हणायचा. त्याच्याही आधी त्या खुर्चीवर मी होतो आणि मीच म्हणायचो, कारण मला माझ्या वरिष्ठांनी तसं शिकवलं होतं. घरगुती लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही, फाइल अडत नाही. त्या मुलांना महापेला कॉल सेंटरची रात्रपाळी लागली असेल, मार्केट यार्डात वडिलांच्या गाळ्यावर बसायचं असेल, अकाउंट्स इंग्रजीतून डोक्यावरून गेलं असेल, वर्गात कुणी त्रास दिला असेल, आमच्याच फीच्या दुसऱ्या हप्त्यानं घाम फोडला असेल. माझ्या तक्त्यात यातलं काहीही नव्हतं. जो तक्ता मी पुरावा म्हणून जोडला होता तो माझ्याच ऑफिसच्या सवयीचा निघाला.

मी किती वेळ गप्प होतो कुणास ठाऊक. मग म्हटलं, "तो शब्द त्यांचा नाही. आम्ही सांगतो, ते लिहितात. मी स्वतः कित्येक वर्षं सांगितलाय." इंग्रजीत ते वाक्य करताना पहिल्यांदाच 'करण्यात आलं' असा आडोसा सापडला नाही.

त्या बाई हसल्या नाहीत की कौतुकही केलं नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, वर्ग दर गुरुवारी संध्याकाळी सातला असतात, तुमच्याकडे किती वाजतील? या वेळी मी दोन्ही उत्तरं दिली. उन्हाळ्यात शुक्रवारची पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच.

दुसऱ्या विद्यापीठानं मुलाखतीलाही न बोलावता दोन ओळींत नकार दिला. या विद्यापीठाचं पत्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. ५४ क्रेडिट, तीन वर्षं, वर्ग मे २०२५ पासून. सगळे मिळून खर्च साधारण सतरा लाख, टप्प्याटप्प्यानं. घराचं कर्ज मागच्याच वर्षी फिटलंय. बायकोनं एका कागदावर आकडे मांडले, कागद तीन दिवस फ्रिजवर लावून ठेवला, आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "अहो, भरा. पण पहाटे साडेचारला चहा मी करणार नाही."

जागा राखण्यासाठी अडीचशे डॉलर पाठवायचे होते. बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म दिला आणि व्हिसाची प्रत मागितली. व्हिसा नाही, मी म्हटलं. आय-ट्वेंटी? तेही नाही, विद्यापीठाचं व्हिसासाठीचं ते पत्र ऑनलाइन अभ्यासक्रमाला मिळतच नाही. "मग सर, तुम्ही जाणार कधी?" जाणारच नाही. तिनं मॅनेजरला बोलावलं. परदेशी शिक्षणासाठी पैसे पाठवायचा त्यांचा नेहमीचा कोड परदेशात जाऊन शिकणाऱ्यांसाठी असतो. मी घरून यादी छापून नेली होती, सवय. रिझर्व्ह बँकेच्या त्या यादीत खाली कुठेतरी परदेशी पत्रद्वारा शिक्षणाच्या फीसाठी वेगळा कोड आहे. पोस्टानं धडे यायच्या काळापासूनचा असावा. मॅनेजर दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, इतक्या वर्षांत हा कोड पहिल्यांदा वापरतोय. वर्षाला सात लाखांच्या आत राहिलो तर टीसीएसही, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो करही, कापला जात नव्हता. ती मर्यादा पुढे एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली.

जानेवारीत पहिल्या सेमिस्टरचे निकाल लागले आणि नेहमीप्रमाणे अर्ज यायला लागले. मी लिपिकाला सांगून ठेवलं होतं की कारण कुणालाही सांगायचं नाही, विचारलं तर माझ्याकडे पाठवायचं. तो म्हणाला, "सर, वेळ जाईल." जाऊ दे.

एका दुपारी एफ.वाय.बी.कॉम.ची एक मुलगी आली. अर्ज पूर्ण भरलेला, फक्त तो रकाना मोकळा. "सर, इथे काय लिहायचं?"

म्हटलं, "जे असेल ते. खरं कारण लिही. कुणी रागावणार नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लिपिकाकडे पाहिलं. खुर्ची दिली तरी बसली नाही. टेबलाच्या कडेवर कागद ठेवून थोडा वेळ पेनाचं टोपण चावत उभी राहिली. मग लिहिलं, सही केली आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "सर, होईल ना आज? माझी चार बावीसची ठाणे आहे."

रकान्यात लिहिलं होतं : घरगुती.